हुमणीवर आणलेला भेक आणि त्याच्यावर ठेवलेले कान



वळवाचा पहिला पाऊस पडून गेला आणि तिन्हीसांजेला कडुनिंबावर, बाभळीवर भुंगेरे घोंगावू लागले, की गट ऑफिसात एक प्रश्न हमखास निघतो. ‘‘हुमणी खाणारं एखादं जनावर नाही का हो? द्यायचं रानात सोडून, खाऊ दे काय खायचं ते!’’ विचारणाऱ्याला हसू नये. ज्याचा उसाचा पट्टा सप्टेंबरात पिवळा पडतो आणि बेट हाताने ओढले तरी मुळासकट वर येते, त्याला औषधाचा आणि मजुरीचा हिशेब पुरता कळलेला असतो. त्याला काहीतरी स्वस्त आणि कायमचे हवे असते.

असे जनावर एका देशातल्या ऊसकऱ्यांनी खरोखर आणले होते. तो देश ऑस्ट्रेलिया आणि ते साल १९३५. त्याचे पुढे काय झाले हे बहुतेकांनी तुटक तुटक ऐकलेले असते. पण त्या जनावराचा माग काढण्यासाठी शास्त्रज्ञांनी रात्रीच्या रात्री बेडकांचे आवाज कसे टिपून ठेवले, त्यातून काय हाती लागले आणि त्याच विद्येचा उपयोग उसाच्या मुळाशी बसलेली हुमणी ऐकण्यासाठी कसा झाला, ही बाजू फारशी कोणी सांगत नाही. ती सभासदांपुढे ठेवावी असे आम्हांला वाटले.

ऑस्ट्रेलियाच्या ईशान्येला क्वीन्सलँड हा प्रांत आहे. समुद्रकाठाच्या चिंचोळ्या पट्टीत तिथे मैलोगणती ऊस. हंगाम आपल्या उलट, साधारण जून ते नोव्हेंबर-डिसेंबर, कारण तिकडचा उन्हाळा आपल्या हिवाळ्यात येतो. तिथल्या उसाचा जुना वैरी म्हणजे ‘ग्रेबॅक’ नावाचा राखी पाठीचा भुंगेरा आणि त्याची अळी. ही अळी आणि आपली हुमणी एकाच कुळातल्या. वागण्यातही फरक थोडा. पहिल्या मोठ्या पावसानंतर भुंगेरे जमिनीतून निघतात, अंधार पडताना झाडांवर जाऊन पाला खातात, तिथेच त्यांचा संग होतो, मग मादी उसाच्या रानात खोल शिरून अंडी घालते. अळी जमिनीत मुळ्या कुरतडत बसते. वाचणाऱ्याला वाटावे की हे आपल्याच शिवाराचे वर्णन आहे.

तिथे १९०० सालापासून सरकारी ऊस संशोधन केंद्रे होती. त्यांचा काही खर्च ऊसकऱ्यांच्या उपकरातून निघे. म्हणजे पुढे जे घडले ते कोणा परक्याने लादलेले नव्हते. ऊसकऱ्यांच्याच पैशावर, ऊसकऱ्यांच्याच भल्यासाठी, चांगल्या हेतूने नेमलेल्या माणसांनी केले.

त्या वेळी पोर्तो रिको बेटाचा बोलबाला होता. दक्षिण आणि मध्य अमेरिकेतला एक दांडगा भेक १९२० च्या दशकात तिथे हुमणीसाठी नेऊन सोडला होता. हुमणी कमी झालेली दिसली आणि १९३२ साली तिथेच भरलेल्या जगातील साखर तंत्रज्ञांच्या परिषदेत रॅकेल डेक्स्टर या बाईंनी त्या भेकाच्या पोटात काय काय सापडते यावर निबंध वाचला. पोटात हुमणीचे भुंगेरे निघाले. झाले! ऊस पिकवणाऱ्या देशोदेशी भेकाची मागणी सुरू झाली. १९३१ नंतरची जी सहा वर्षे भेकाच्या यशाची म्हणून सांगितली जात, तीच पोर्तो रिकोच्या तोवरच्या नोंदींत सर्वाधिक पावसाची वर्षे होती. हुमणी पावसाने कमी झाली की भेकाने, हे पुढे उकरून काढले गेले तेव्हा फार उशीर झाला होता.

जून १९३५ मध्ये रेजिनाल्ड मंगोमेरी हे कीटकशास्त्रज्ञ हवाई बेटांवरून सुमारे शंभर भेक घेऊन क्वीन्सलँडात आले. गॉर्डनव्हेल गावाजवळच्या मेरिंगा केंद्रात त्यांच्यासाठी खास तळे केले होते. भेकाची मादी एका खेपेला आठ हजारांपासून तीस हजारांपर्यंत अंडी घालते. लांबच लांब दोऱ्यात मणी ओवल्यासारखी ती पाण्यात दिसतात. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सुमारे २,४०० पिल्ले उसाच्या भागात सोडली. हा भेक इथला भुंगेरा खाईल का, आणि त्याखेरीज आणखी काय खाईल, याची आधी चाचणी कोणी घेतली नाही.

सगळेच गप्प होते असे नाही. वॉल्टर फ्रॉगट या निवृत्त कीटकशास्त्रज्ञांनी जाहीरपणे विरोध केला की, हा भेक सशांइतकाच डोकेदुखीचा होईल. त्यावर केंद्र सरकारने १९३५ च्या शेवटी भेक सोडण्यास बंदीही घातली. मग दडपण आले आणि १९३६ मध्ये ती उठली. आम्हांला या हकिगतीतली ही गोष्ट सर्वांत जास्त लागली. कारण सांगणारा होता, ऐकणारेही क्षणभर थांबले होते.

भुंगेरा वर, हुमणी खाली, भेक मध्ये

भेक उसात का चालला नाही, हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही. भुंगेरा झाडाच्या शेंड्यावर किंवा उसाच्या पानावर. हुमणी जमिनीत वीत-दोन वीत खाली. भेक जमिनीवर. त्याला झाडावर चढता येत नाही, खोल उकरता येत नाही. शिवाय त्याला दिवसा ओलावा आणि सावली लागते. भुंगेरे निघण्याच्या वेळी कित्येक रानांतला ऊस नुकताच तुटलेला आणि खोडवा बोटभर फुटलेला. अशा उघड्या रानात भेक थांबेल कशाला? तो ओढ्याकाठी, घराच्या परसात, दिव्याखाली जाऊन बसला आणि मिळेल ते खाऊ लागला. हुमणीचा बंदोबस्त शेवटी १९४० च्या दशकाच्या अखेरीस बी.एच.सी. भुकटीने झाला. ती भुकटी आपल्याकडच्या जुन्या सभासदांना चांगली आठवत असेल. आपल्या देशात १९९७ साली तिच्यावर बंदी आली. ती का आली, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.

भेक मात्र राहिला, आणि वाढला. त्याच्या मानेमागे दोन फुगीर ग्रंथी असतात, त्यांत विष. अंड्यापासून म्हाताऱ्या भेकापर्यंत सगळ्या अवस्था विषारी. ऑस्ट्रेलियात मुळात भेक ही जातच नव्हती, त्यामुळे तिथल्या प्राण्यांना या विषाची सवय नाही. घोरपडीच्या जातीचे मोठे सरडे, साप, गोड्या पाण्यातल्या मगरी, आणि ‘क्वोल’ नावाचा पिशवीत पिल्ले वाढवणारा, अंगावर पांढरे ठिपके असलेला, लहान मांजराएवढा शिकारी प्राणी भेकाला बेडूक समजून तोंडात धरतात आणि मरतात. २००१ च्या सुमारास भेक काकडू या प्रसिद्ध राष्ट्रीय उद्यानात शिरला आणि तिथले क्वोल पाहता पाहता नाहीसे होऊ लागले. २००९ साली त्याने पश्चिम ऑस्ट्रेलियाची हद्द ओलांडली. म्हणजे पूर्व किनाऱ्यावरच्या उसातून निघालेला प्राणी दोन हजार किलोमीटर चालून दुसऱ्या टोकाकडे पोहोचला. सुरुवातीला त्याची आघाडी वर्षाला दहाएक किलोमीटर सरकत असे, पुढे ती पन्नासवर गेली. सिडनी विद्यापीठातील रिक शाईन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली दाखवून दिले की, आघाडीवरच्या भेकांचे पाय मागे राहिलेल्यांपेक्षा लांब आहेत. जो जास्त चालतो तो पुढे, पुढच्यांची लग्ने पुढच्यांशीच, मग पोरे आणखी चालणारी. आपल्याकडे शर्यतीच्या बैलाची पैदास जशी निवडून करतात, तशी इथे कोणी न करता झाली.

आधीची नोंद

आता कानांची गोष्ट. इथे आम्हांला जरा थांबून सांगायचे आहे.

भेक पुढे सरकतोय हे सगळ्यांना दिसत होते. पण तो आल्यामुळे एखाद्या ओढ्यातले मूळचे बेडूक कमी झाले का, हे सांगायचे तर तो येण्यापूर्वी तिथे कोण होते हे ठाऊक हवे. बहुतेक ठिकाणी ते कोणालाच ठाऊक नव्हते. ‘पूर्वी फार ओरडायचे’ एवढे लोक सांगत. आपल्याकडेही असेच आहे ना? ‘आमच्या लहानपणी पहिल्या पावसाला बेडकांनी झोप लागू देत नसत’ असे ऐंशीच्या घरातले सभासद सांगतात. ते खरेही असेल. बेडकाच्या तंगड्यांची परदेशी निर्यात आपल्या देशातून १९८७ साली बंद होईपर्यंत जोरात होती, रासायनिक औषधे आली, विहिरी-ओढे बदलले. पण किती होते, कोणत्या जातीचे होते, आज त्यांतले किती उरले, याला कागदावर काही नाही. आठवण पंचनाम्यात चालत नाही.

ऑस्ट्रेलियाच्या उत्तर प्रांतात रोपर नावाची नदी आहे. क्वीन्सलँड विद्यापीठातील प्राणिशास्त्रज्ञ गॉर्डन ग्रिग आणि न्यू साउथ वेल्स विद्यापीठातील संगणकतज्ज्ञ अँड्र्यू टेलर यांनी १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात, भेक त्या खोऱ्यात पोहोचण्याच्या आधी, पाणथळ जागी ध्वनिमुद्रक पेट्या बसवल्या. पेटीत काय? मायक्रोफोन, पावसापाण्यापासून जपलेले मुद्रणयंत्र, बॅटरी आणि ती भारायला सूर्यप्रकाशावर चालणारा पत्रा. ठरलेल्या वेळी यंत्र आपोआप जागे व्हायचे, थोडा वेळ आवाज टिपायचे आणि पुन्हा झोपायचे. पावसाळ्याचे चार-पाच महिने रोज रात्री हेच.

माणूस का नाही पाठवला, असे कोणी विचारील. त्या प्रांतात पावसाळ्यात रस्ते बंद होतात, नद्यांत मगरी आहेत, गावे शेकडो किलोमीटर लांब. शिवाय बेडूक काही आपल्या सोयीने ओरडत नाहीत. काही जाती वर्षभर गप्प असतात आणि पहिल्या धुवांधार पावसानंतर दोन-चार रात्रीच ओरडतात. त्या रात्री साहेब नेमका गावी गेला असेल तर जात ‘नाही’ म्हणून नोंदली जाणार. पेटी गावी जात नाही.

पण पेटीमुळे दुसरीच अडचण उभी राहिली. एवढे तासन् तास ऐकणार कोण? टेलर आणि ग्रिग यांनी आपल्या सहकाऱ्यांसह संगणकालाच बेडूक ओळखायला शिकवले आणि १९९६ साली ते जाहीर केले. त्या भागातल्या २२ जातींचे आवाज त्यात होते. ही विद्या समजायला अवघड नाही. आवाजाचा आलेख काढतात. आडवी रेघ वेळेची, उभी रेघ पट्टीची, म्हणजे आवाज किती बारीक की जाड. पेटीवर जशी खालची काळी आणि वरची पांढरी पट्टी, तसा प्रत्येक जातीचा सूर साधारण ठरलेल्या जागी लागतो. मग तो सलग आहे की तुटक, दोन ठोक्यांमध्ये अंतर किती, किती वेळ चालतो, हे संगणक मोजतो. हाताने वेगळे काढून दिलेले नमुने त्याला आधी दाखवावे लागतात. त्यावरून तो स्वतःच प्रश्नांची साखळी बांधतो: सूर अमुक पट्टीच्या खाली आहे का? असेल तर ठोके जवळजवळ आहेत का? शेवटी एका नावाशी येऊन थांबतो. वजनकाट्यावरचा कारकून गाडीचा नंबर, गट नंबर, उसाची जात विचारत विचारत शेवटी योग्य खातेदाराच्या नावावर टनेज टाकतो, त्यातलाच प्रकार. आणि चुकतोही तसाच कधी कधी! म्हणून शंकास्पद नोंदी जाणकार माणसाने पुन्हा ऐकायच्या असतात.

भेकाचा आवाज ओळखायला मात्र सोपा. नर भेक खालच्या पट्टीत, सेकंदाला सुमारे ६०० कंपनांच्या आसपास, एकसारखी लांब घरघर करतो. न थांबता दहा-वीस सेकंद, कधी त्याहून जास्त. लांबवर कुणाच्या विहिरीवर डिझेल इंजिन चालू आहे असे वाटावे. मूळच्या बेडकांच्या टिकटिक, कटकट, डरांव अशा गोंगाटाखालून ही घरघर आलेखावर सरळ पट्ट्यासारखी दिसते. त्यामुळे एखाद्या पाणवठ्यावर भेक कोणत्या पावसाळ्यात पहिल्यांदा ओरडला, हे पेटीवरून सांगता येते. २००५ च्या सुमारास न्यू साउथ वेल्स विद्यापीठातल्या अभियंत्यांनी आणखी पुढची पायरी गाठली. रानातल्या पेट्याच बिनतारी एकमेकींशी बोलतील, जागेवरच आवाज ओळखतील आणि फक्त निकाल पुढे पाठवतील, असे जाळे त्यांनी करून पाहिले.

पुढच्या वर्षांतल्या सगळ्या अभ्यासांचा मिळून निकाल काय, ते शाईन यांनी २०१० साली एकत्र मांडले, आणि तो पुष्कळांच्या अंदाजाहून वेगळा निघाला. भेकाने मूळचे बेडूक संपवले नाहीत. मार बसला तो बेडूक खाणाऱ्यांना: क्वोल, मोठे सरडे, काही साप. आणि खाणारेच मेल्यामुळे काही लहान प्राणी उलट वाढले. ‘भेक आला म्हणजे सगळे संपले’ असे म्हणणारेही चुकले आणि ‘काही होत नाही हो’ म्हणणारेही. मोजल्याशिवाय हे कळले नसते.

कानाची मर्यादाही सांगायला हवी. पेटीला ऐकू येतो तो ओरडणारा नर. मादी गप्प असते, पिल्ले गप्प असतात. शंभर ओरडले की दहाच दहा वेळा, हे सांगणे कठीण. वारा सुटला, पाऊस पत्र्यावर वाजला, शेजारी मोटर सुरू झाली की ती रात्र वाया. आणि ज्यांचे खरे नुकसान झाले ते क्वोल आणि घोरपडी ओरडतच नाहीत. त्यांच्यासाठी दुसरे उपाय करावे लागतात, आपोआप फोटो काढणारे कॅमेरे लावावे लागतात. कानाने सगळे रान दिसते असा दावा कोणी करू लागला तर त्याच्याकडे जरा जपूनच पाहावे.

खिशातले यंत्र

तेव्हा अशी पेटी म्हणजे विद्यापीठाचेच काम होते. आता तसे राहिले नाही. इंग्लंडमधील साउथॅम्प्टन आणि ऑक्सफर्ड विद्यापीठांतील तरुणांनी तळहातावर मावणारे ‘ऑडिओमॉथ’ नावाचे ध्वनिमुद्रक यंत्र केले. ते जगभर वापरले जाते, आणि जुन्या यंत्रांच्या मानाने फार स्वस्त पडते. ऑस्ट्रेलियात २०१९ पासून देशभर नव्वद ठिकाणी, दर ठिकाणी चार, अशी सुमारे ३६० सौरयंत्रे बसवून रात्रंदिवस आवाज साठवण्याचे काम सुरू झाले. चारांतली दोन ओलसर जागी आणि दोन कोरड्या जागी. साठवलेले आवाज कोणालाही ऐकायला खुले. पुढे पन्नास वर्षांनी कोणी विचारले की २०२० साली या टेकडीवर कोणते पाखरू बोलत होते, तर उत्तर कपाटात तयार असेल.

पण शेतकऱ्याच्या जवळचे काम सिडनीच्या ऑस्ट्रेलियन म्युझियमने केले. जोडी राउली या बेडूकशास्त्रज्ञ बाईंच्या पुढाकाराने १० नोव्हेंबर २०१७ रोजी ‘फ्रॉगआयडी’ ही मोबाईलवरची सोय सुरू झाली. बेडूक दिसायला हवा असे नाही, पकडायचा तर मुळीच नाही. रात्री तळ्याकाठी, गोठ्याजवळ, पाटाच्या कडेला फोन धरायचा, अर्धा-एक मिनिट आवाज घ्यायचा आणि पाठवून द्यायचा. जागा आणि वेळ फोन आपोआप लिहितो. म्युझियममधली माणसे ते कानांनी ऐकून जात ठरवतात आणि पाठवणाऱ्याला कळवतात. अशा नोंदी आता दहा लाखांच्या पुढे गेल्या आहेत. त्यांत शेतकरी आहेत, शाळेतली मुले आहेत, निवृत्त माणसे आहेत. भेकाची घरघरही त्यात येते, आणि ती नव्या जागी ऐकू आली तर लगेच समजते.

कोणी म्हणेल, आम्हांला काय त्याचे? आमच्याकडे तो भेक नाही. नाही हे खरे. पण आपल्याकडची जनावरे दुसरीकडे उपरी ठरली आहेत, हे फार थोड्यांना माहीत असते. परसातला आपला खडबडीत भेक मादागास्कर बेटावर बंदरातून शिरला, हे २०१४ साली उघडकीस आले, आणि तिथल्या सापांची काळजी सुरू झाली. पहिल्या पावसात पिवळाधमक होणारा आपला मोठा बेडूक अंदमानात नेला गेला आणि आता तिथल्या छोट्या बेडकांच्या जिवावर उठला आहे. जनावर वाईट नसते, जागा बदलली की हिशेब बदलतो. परदेशी किडीचे शत्रू म्हणून जिवंत प्राणी वा कीटक आणायचे तर आपल्या देशात २००३ च्या क्वारंटाईन आदेशाखाली परवाना लागतो तो याच कारणाने. ती कटकट नव्हे.

जैविक उपायच खोटा, असा अर्थ मात्र कोणी काढू नये. २००२ साली लोकरी मावा आला तेव्हा आपल्या भागात काय धांदल उडाली होती ते सभासदांना आठवते. पाने पांढरी, खाली काळी बुरशी, फवारणी करायला उसात शिरता येईना. तो आटोक्यात येण्यात मोठा वाटा होता डिफा (आपण त्याला कोनोबाथ्रा म्हणायचो) आणि मायक्रोमस या मित्रकिडींचा. त्या इथल्याच होत्या. त्यांची भूक माव्याची होती, म्हणून मावा संपत आला की त्याही कमी झाल्या. भेकाची भूक कशाचीही होती. शत्रू निवडताना त्याचे तोंड किती मोठे आहे हे आधी पाहावे, असे आमचे मत आहे. हुमणीवर वापरतो ती मेटारायझियम बुरशीही याच हिशेबाने पाहावी. ती किडीला लागते, घोरपडीला नाही.

ज्यांना हौस असेल त्यांनी येत्या पावसाळ्यात एक करून पाहावे. आपल्या विहिरीजवळ किंवा ओढ्याकाठी एक जागा ठरवावी. पहिला वळीव झाला की त्या रात्रीपासून, रोज जमले नाही तर आठवड्यातून एकदा, त्याच जागी, त्याच वेळी पाच मिनिटे मोबाईलवर आवाज टिपावा. सुरुवातीला तोंडाने तारीख, गाव, गट नंबर आणि दिवसाचा पाऊस बोलून ठेवावा. मोटर बंद असताना टिपावा, नाहीतर भेकाऐवजी मोटरच ऐकू येईल! पोरासोरांना हे काम आवडते. जातीची नावे आज आली नाहीत तरी चालेल. आवाज तारखेसकट राहिला तर नाव पुढे कोणीही लावील. खाजगी बोलणे मात्र त्यात येऊ देऊ नये. बांधावर रात्री काय काय बोलले जाते ते आम्ही सांगायला नको.

सापळा आणि कुदळ

आवाजाचा उपयोग नुसता ऐकायलाच होतो असे नाही. क्वीन्सलँडातील जेम्स कुक विद्यापीठाच्या लिन श्वार्झकॉफ बाईंनी भेकाचा सापळा केला आहे. जाळीचा पिंजरा, त्यावर छोटा दिवा, आणि नर भेकाची घरघर वाजवणारा छोटा कर्णा. दिव्यावर किडे येतात, किड्यांमागे भेक येतात. हे आपल्या प्रकाशसापळ्यासारखेच. पण घरघरीचे काम वेगळे. ती ऐकून माद्या येतात, आणि एक मादी पकडली म्हणजे वीस-तीस हजार अंडी पकडली. घरघर किती जाड आणि किती जलद ठेवली म्हणजे माद्या जास्त येतात, हेही त्यांनी वाजवून वाजवून पाहिले. असे सापळे तिकडे विकतही मिळतात.

आणि ज्या हुमणीपायी हे रामायण झाले, तिलाही शेवटी कान लावला गेला. अमेरिकेच्या कृषी खात्यातले रिचर्ड मँकिन आणि क्वीन्सलँडातले ऊस-कीटकतज्ज्ञ सॅमसन व चँडलर यांनी मॅके आणि बंडाबर्ग या गावांजवळच्या उसात ही पाहणी केली आणि २००९ साली ती प्रसिद्ध केली. जमिनीतले बारीक आवाज टिपून ते संगणकावर तपासायचे. अळी मातीत सरकते, मुळी कुरतडते, त्याची एक विशिष्ट खरखर असते. वाऱ्याने ऊस हलून होणारी टकटक वेगळी आणि उसाला इजा न करणाऱ्या दुसऱ्या जातींच्या अळ्यांचा आवाजही वेगळा काढता येतो, असे त्यांना आढळले. एक बेट खणून, माती चाळून अळ्या मोजायला दहा ते बारा मिनिटे लागत. ऐकायला तीन ते पाच. पाच जागी ऐकले आणि पाचही जागी काही नाही, तर त्या रानात कुदळ मारायची गरज बहुधा नाही. पाचही जागी खरखर आली, तर तिथेच खणायचे आणि मोजायचे. काही ठिकाणी आहे, काही ठिकाणी नाही अशी स्थिती असेल, तर वीसपर्यंत जागा ऐकाव्या लागतात, आणि त्यांतल्या कोणत्या खणायच्या ते आवाजावरून ठरते.

आपल्याकडे सध्या हे काम कुदळच करते. जुलै-ऑगस्टमध्ये रानात चार-सहा जागी खणून अळ्या पाहाव्यात. मोठ्या झालेल्या अळ्यांवर औषध नीट चालत नाही, म्हणून सप्टेंबरची वाट पाहू नये. आणि वळवानंतरच्या संध्याकाळी कडुनिंब, बाभूळ, बोर हलवून खाली पडलेले भुंगेरे रॉकेलच्या पाण्यात टाकायचे काम शेजारच्या चार गड्यांना बरोबर घेऊन त्याच आठवड्यात उरकावे.